आधी खुरपं, मग सुरी

प्रश्न : मी येवला तालुक्यात राहतो. घरामागे मोकळी जागा आहे. मोबाइलवर सुऱ्या घडवण्याचे व्हिडिओ पाहून आपणही हे करावं असं फार वाटू लागलं आहे. घरच्या घरी लोहारकाम सुरू करता येईल का? भट्टी, ऐरण, पोलाद कुठून आणू? पहिली सुरी कधी जमेल? आणि घरचे विचारतात, हे कायद्यात बसतं का?

उत्तर : करता येईल. मोठ्या शहरापेक्षा येवल्यात ते सोपंच आहे. तुमच्याकडे जागा आहे, हमरस्त्यामुळे भंगार आहे, कोळसा मिळतो आणि हे काम येणारी माणसं बाजाराला जाण्याइतक्या अंतरावर आहेत. तुमच्या प्रश्नांचा क्रम मात्र मी बदलतो. भट्टी आणि ऐरण नंतर बघू, आधी डोळा तयार करायला हवा.

लोखंड तापलं की त्याचा रंग बदलतो. साधारण ६५० अंश सेल्सियसला ते काळपट लाल दिसतं, ८०० च्या आसपास डाळिंबी, हजारच्या जवळ नारिंगी, अकराशेच्या पुढे पिवळं. त्याहीवर गेलं की त्यातून ठिणग्या उडायला लागतात, म्हणजे पोलाद जळायला लागलं. कधी ठोकायचं, कधी थांबायचं, कधी पाणी द्यायचं हे सगळं लोहार या रंगावरून ठरवतो. आणि नेमका हा रंग व्हिडिओत खरा दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा उजेड पाहून चित्र आपोआप उजळ किंवा गडद करतो, त्यामुळे जेमतेम लाल झालेला तुकडाही पडद्यावर पिवळाधमक दिसू शकतो. पडद्यावर डोळा तयार झालेला माणूस पहिल्यांदा भट्टीसमोर बसला की एक तर पोलाद गार असताना ठोकतो, नाही तर जाळून टाकतो. म्हणून पहिली पायरी एकच : ज्याला रंग कळतो त्याच्या शेजारी जाऊन बसा.

येवला, मनमाड, कोपरगाव, वैजापूर या पट्ट्यात रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेली घिसाडी कुटुंबं तुम्ही पाहिली असतील. गाडीलोहार म्हणूनही त्यांना ओळखतात. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांची नोंद आहे, आणि चितोड पडल्यावर आपले पूर्वज तिथून बाहेर पडले ही गोष्ट ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. गावचा लोहार बारा बलुतेदारांतला. सुगीला धान्य घ्यायचं आणि वर्षभर फाळ, कुळवाची पास, गाडीच्या चाकाची धाव सांभाळायची हे त्याचं काम. घिसाडी मात्र बिऱ्हाडासकट फिरणारा. जमिनीत खड्डा केला की त्याची भट्टी झाली, शेजारी भाता किंवा हाताने फिरवायचा पंखा, मातीत रोवलेली लहानशी ऐरण. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसतो आणि समोर उभी राहून घण घालते ती बहुतेक वेळा घरातली बाई. तिचा घण नेमका जिथे पुरुषाचा हातोडा आधी टेकला तिथेच पडतो. हे पाहण्यासारखं आहे.

ट्रॅक्टर आले तसं फाळाचं काम गेलं, बैलगाड्या कमी झाल्या तशी धाव गेली, आणि कारखान्यातला विळा आता दुकानात टांगलेला मिळतो. म्हणून तिथे जाताना गिऱ्हाईक म्हणून जा. ट्रकच्या पाट्याचा तुकडा सोबत न्या, समोर बसून विळा करून घ्या, सांगतील ती मजुरी घासाघीस न करता द्या. मग विचारा की, दिवसभर बसू का? बसू दिलं तर त्या दिवसाचेही पैसे द्या. शिकवणं हे काम आहे आणि कामाला दाम असतो. फोटो-व्हिडिओ विचारल्याशिवाय काढू नका. आणखी एक करता येईल. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत जे अठरा व्यवसाय आहेत त्यांत लोहार आहे. काही दिवसांचं प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि सवलतीच्या व्याजाचं कर्ज असं तिचं स्वरूप आहे. ती आधीपासून हातावर हा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासारख्या नवशिक्यासाठी नाही. पण ज्यांच्याजवळ तुम्ही बसाल त्यांना तिची माहिती देणं, कागदपत्रं जुळवायला मदत करणं तुम्हाला सहज जमेल.

बसल्यावर तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा : तुकडा कोणत्या रंगाला आगीबाहेर येतो, कोणत्या रंगाला हातोडा थांबतो, आणि शेवटी पाण्यात काय आणि किती बुडतं. लोहार सावलीत किंवा छपराखाली का बसतो हेही तेव्हा कळेल. भर उन्हात काळपट लाल रंग दिसतच नाही, आणि गार होत आलेल्या पोलादावर घाव पडला की त्याला आतून चीर जाते.

प्रश्न : मग सुरुवात सुरीपासून नको?

नको. पहिल्यांदा साध्या मऊ लोखंडाचा आकडा करा. दहा मिलीमीटरची, हातभर लांब सळई घ्या, म्हणजे दुसरं टोक हातात धरता येईल आणि सांडशीची गरज पडणार नाही. टोक निमुळतं करा, वळवा, पीळ द्या. यात जे हाताला कळतं ते नंतर सगळीकडे कामी येतं.

त्यानंतर खुरपं. हे मी मनापासून सुचवतो. मुठीत जाणारी शेपटी ओढून लांब करणं, पातं पसरवणं, मान वाकवणं, पाणी देणं, धार लावणं, मूठ बसवणं असं सुरीतलं जवळजवळ सगळं काम खुरप्यात येतं. फसलं तरी नुकसान थोडं. शिवाय तपासणी तुमच्या दारात आहे. कांद्याच्या या तालुक्यात निंदणीला येणाऱ्या बायकांच्या हातात तुमचं खुरपं द्या. धार वळते का, तुटते का, मूठ टोचते का, मान कमी वाकली आहे का, हे दुपारच्या आत त्या सांगतील. इतकी चोख परीक्षा तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. पुढे विळा करून पाहा. कड ठोकून पातळ केली की ती लांबते. विळ्याची धार आतल्या बाजूला असल्याने ती लांबली की विळ्याचा बाक उलगडू लागतो, म्हणून जाणता लोहार आधी बाक जास्तच देतो. सुरीत हेच उलट दिसतं. धार ठोकता ठोकता टोक पाठीच्या बाजूला वर उचललं जातं, म्हणून आधी पट्टी धारेच्या बाजूला थोडी वाकवून घ्यायची. एकदा हे कळलं की पोलाद आपल्याशी भांडतंय असं वाटेनासं होतं.

प्रश्न : भट्टी आणि ऐरणीला खर्च किती?

भट्टीत पैसे घालू नका. विटांचा लहान वाफा किंवा जमिनीतला खड्डा पुरतो. फक्त तुमच्याकडची काळी माती लिंपायला वापरू नका. ती सुकताना आक्रसते आणि भेगाळते. कुंभाराची माती, वाळू आणि राख मिसळून लिंपा. बाजूने किंवा खालून एक इंची लोखंडी नळी आत आणा आणि तिला हाताने फिरवायचा पंखा किंवा छोटा ब्लोअर जोडा. नळी जस्ताचा मुलामा नसलेली हवी. जीआय पाइप, जीआय पत्रा, मुलाम्याचे खिळे आगीत गेले की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. ओढ्यातले गोटे किंवा कोब्याचे तुकडे आगीभोवती रचू नका, आतल्या ओलीमुळे ते फुटून उडतात.

कोळसा लाकडाचा बरा. दगडी कोळशाला आच जास्त, पण धूर आणि गंधकही जास्त, शिवाय तळाशी खंगर साचतं. पोलाद नळीच्या तोंडाशी खुपसू नका. तिथे ताजी हवा असते आणि ती पोलादालाच जाळते. चार-पाच बोटं वर, जिथे हवा कोळशात संपलेली असते आणि आच मात्र पुरेपूर असते, तिथे ते आडवं ठेवा. भट्टी उघड्यावर किंवा चारही बाजूंनी वारा खेळेल अशा छपराखाली हवी. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू वास न येता माणसाला गाठतो.

ऐरणीसाठी सगळे रेल्वेच्या रुळाचा तुकडा सुचवतात. तो खरोखर चांगला, त्यातही आडवा ठेवण्यापेक्षा उभा रोवलेला, कारण मग घावाखाली सगळं वजन येतं. पण मनमाड जंक्शन जवळ आहे म्हणून कुणी ‘आणून देतो’ म्हणालं तर घेऊ नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. भंगारवाल्याकडून पावतीसह मिळाला तरच घ्या. नाही तर जुन्या घणाचं डोकं किंवा जाड शाफ्टचा तुकडा बाभळीच्या ओंडक्यात रोवा. हातोडा किलोच्या आतला घ्या. जड हातोड्याने काम लवकर होत नाही, मनगट मात्र लवकर जातं.

प्रश्न : पोलाद कोणतं?

आधी काय नको ते सांगतो. बांधकामाची सळई नको. तिच्यात कार्बन फार कमी, तिला पाणी चढतच नाही, कितीही घासलं तरी धार दुसऱ्या दिवशी वळते. बीड नको, ते हातोड्याखाली फुटतं. बंद शॉकअप किंवा दोन्ही तोंडं बंद असलेली नळी आगीत कधीच नको, ती स्फोटासारखी फुटते.

नवशिक्यासाठी सर्वात चांगला तो ट्रकच्या कमानीचा पाटा. विंचूर चौफुलीवरून नाशिक, मनमाड, नगर, संभाजीनगर अशा चारही दिशांना गाड्या धावतात, तेव्हा तुटका पाटा येवल्यात मिळायला अवघड जाऊ नये. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन आणि सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असतं, म्हणून तो कणखर असतो आणि चुका पोटात घालतो. फार वापरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. ज्या जागी तो तुटला तिथला भाग टाकून द्या. जुनी, चांगल्या कंपनीची कानस सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बनची असते. तिची धार अप्रतिम येते, पण ती नाजूक, पाणी देताना चटकन तडकते. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

प्रश्न : पाणी देणं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही सुरुवातीला हे विचारलं नव्हतं, पण खरा प्रश्न हाच आहे. ठोकून झालेली सुरी दिसायला सुरी असते, तिचं पातं अजून मऊच असतं.

पोलाद ठराविक तापमानाच्या वर गेलं की आतली रचना बदलते आणि कार्बन लोखंडात विरघळतो. हळूहळू गार केलं तर कार्बन निवांत बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. झटकन गार केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, आतली वीण ताणली जाते, आणि त्या ताणामुळे पोलाद काचेइतकं कठीण आणि तितकंच ठिसूळ होतं.

घडवून झाल्यावर आधी पातं डाळिंबी लाल करून हवेत आपोआप काळं होऊ द्या. असं तीनदा करा, दर वेळी थोडी कमी आच देऊन. ठोकण्यातले ताण जातात आणि आतला कण बारीक होतो. मग घासून आकार द्या, पण धारेची कड एक मिलीमीटर जाड ठेवा. अगदी पातळ कड पाण्यात वाकते, तडकते.

आता चुंबक घ्या. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. तापलेलं पातं सांडशीत धरून चुंबकाला लावून बघा. चिकटेनासं झालं की परत आगीत घालून किंचित अधिक तापवा, टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा रंग येऊ द्या, आणि सरळ तेलात. पाट्याचं पोलाद थंड पाण्यात बुडवू नका. ते खोलवर कडक होणारं पोलाद आहे, पाण्याच्या झटक्याने त्याला चीर जाते. शेंगदाण्याचं किंवा कुठलंही खाद्यतेल हाताला कढत लागेल इतकं, पन्नास-साठ अंशांपर्यंत, गरम करून लोखंडी डब्यात ठेवा. गाड्यांचं जळकं ऑइल वापरू नका, त्याचा धूर घातक असतो. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून डब्याचं झाकण आणि वाळूची बादली हाताशी हवी. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

बाहेर काढलेल्या पात्यावर कानस फिरवा. कानस घसरली तर पाणी चढलं, लागली तर पुन्हा तापवा. पण अशा अवस्थेत सुरी सोडू नका, फरशीवर पडली तर तुकडे होतील. लगेच स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये २०० अंशांना तास-दीड तास ठेवा, गार होऊ द्या, पुन्हा तितकाच वेळ ठेवा. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत साधा थर्मामीटर ठेवा. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर फिका, गवती पिवळा रंग चढलेला दिसेल. तो हवा. तपकिरी म्हणजे जास्त झालं, जांभळा-निळा म्हणजे धार मऊ पडली. तो रंग कुऱ्हाडीला चालेल, सुरीला नाही.

घिसाडी ओव्हनशिवाय हेच एका दमात करतो. तो विळ्याची फक्त धार पाण्यात बुडवतो आणि बाहेर काढून तिथली काजळी विटेवर घासून टाकतो. पाठीत शिल्लक असलेली आच हळूहळू धारेकडे सरकते आणि उघड्या झालेल्या चमकत्या पट्टीवरून पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग पुढे पुढे येतात. हवा तो रंग धारेला टेकला की पुन्हा पाण्यात. कडक करणं आणि ठिसूळपणा काढणं ही दोन्ही कामं काही क्षणांत होतात, पाठ मऊ आणि धार कडक राहते. पुस्तकात ही कृती अर्ध्या पानात संपते, पण ती करायला डोळा लागतो. तुम्ही त्या पालाशेजारी दिवस काढायचा तो मुख्यतः हे पाहण्यासाठी.

आणि पहिलं पातं मोडा. मूठ बसवण्याआधी, डोळ्यांवर चष्मा लावून, पक्कडीत धरून मोडा आणि आतला कण बघा. मखमली, करडा, बारीक असेल तर तुमचा हात बसतोय. खडीसाखरेसारखे चमकते खडे दिसले तर तुम्ही आच जास्त दिली. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी १९७६ पासून हे काम शिकणाऱ्यांसाठी आहे. तिथे परीक्षेला बसणाऱ्याच्या सुरीने लटकता दोर एका घावात कापावा लागतो, लाकूड तोडावं लागतं, त्यानंतरही अंगावरचे केस निघावे लागतात, आणि शेवटी तीच सुरी शिकंज्यात धरून नव्वद अंशांत वाकवतात. तिचे दोन तुकडे झाले तर उमेदवार नापास.

तुमच्या मनात ती लाटालाटांची दमास्कस सुरी असणार. तिचं आकर्षण मला समजतं. ज्या दख्खनी पोलादामुळे त्या नावाचा बोलबाला झाला, ते नांदेडच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवलं जायचं आणि इराणपर्यंत जायचं. विदर्भात नागपूरजवळ नायकुंडला १९७८ ते ८० च्या उत्खननात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना महापाषाणयुगीन लोखंडाची भट्टी सापडली. म्हणजे हे काम आपल्या मुलखात अडीच हजार वर्षांहून जुनं आहे. पण आज व्हिडिओत दिसते ती नक्षी दोन प्रकारची पोलादं एकावर एक जोडून आणतात, आणि तो जोड पिवळ्या रंगाच्या अगदी काठावर लागतो. आधी रंग ओळखायला शिका.

प्रश्न : धार आणि मूठ?

यंत्राच्या मोहात लगेच पडू नका. सपाट कानस, नंतर पाण्याचा पॉलिश पेपर, शेवटी धारेचा दगड. येवल्याच्या आयटीआयमधला एखादा फिटर ओळखीचा असेल तर कानस सपाट कशी चालवायची ते त्याच्याकडून शिकून घ्या. संक्रांतीच्या पतंगासाठी येवल्यात मांजा गुंडाळायच्या ज्या बांबूच्या आसाऱ्या होतात, त्यांच्या कारागिराचं हत्यार हातात घेऊन पाहा. बांबू फोडायला पातं पाचरीसारखं जाड लागतं, ते आत शिरून फाडत जातं. टोमॅटो चिरणाऱ्या सुरीला तसं पातं दिलं तर ती चिरण्याऐवजी चेचते. स्वयंपाकाच्या सुरीची पाठ दोन-अडीच मिलीमीटर पुरे, तिथून धारेपर्यंत सलग उतार द्या. मुठीला बाभूळ किंवा शिसव, पितळी खिळे आणि इपॉक्सी. जुन्या पद्धतीने शेपटी तापवून लाकडात बसवून लाख भरली तरी छान टिकते.

अंगावर सुती कपडे, पायात बंद बूट. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. ग्राइंडर घेतलात तर त्याचं कव्हर काढू नका आणि तोंडाला धुळीचा मास्क लावा.

पहिली वापरण्याजोगी सुरी कधी, असं तुम्ही विचारलंत. आठवड्याला एक दिवस नेमाने दिलात तर काही महिन्यांत खुरपं-विळा आणि वर्षाच्या आत आईच्या हातात देता येईल अशी सुरी होईल, असं मला वाटतं.

प्रश्न : आणि कायदा?

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तू शस्त्रात मोडत नाहीत. सुरी, विळा, खुरपं तुम्ही निर्धास्त करा. मात्र तलवार, खंजीर, जंबिया, भाला यांची गोष्ट वेगळी. शिवाय घर, शेती, विज्ञान किंवा उद्योग यांपैकी कशासाठीच नसलेलं, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार नियमांतल्या धारदार शस्त्रांच्या यादीत येतं, आणि त्याचं उत्पादन-विक्री परवान्याशिवाय करता येत नाही. मित्रांनी शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी तलवार मागितली तर स्पष्ट नाही म्हणा. पात्याची लांबी सात-आठ इंचांवर ठेवा, दोन्ही बाजूंना धार लावू नका, ती खंजिराकडे झुकते.

महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, विशेषतः सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात. त्या दिवसांत आपली सुरी दाखवायला म्हणून खिशात घालून बाजारात फिरू नका. कुणाला द्यायची असेल तर म्यानात किंवा जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी ठेवून न्या. भट्टी पेटवण्याआधी शेजाऱ्यांनाही एकदा सांगून ठेवा. ठोकण्याचा आवाज दुपारी चालतो, रात्री नाही.